कॅनडाच्या उन्हाळ्यात आधी किमान तापमान बघा

जुलैत कॅनडाला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत जाडजूड जॅकेट असतं आणि उन्हाची टोपी नसते. हवं ते नेमकं उलट. फोनवर हवामान बघताना बहुतेकांची नजर वरच्या आकड्यावर जाते. मी आधी खालचा बघतो. रॉकी पर्वतात दुपारी २३ आणि पहाटे ५ अंश हा अगदी साधा दिवस झाला, आणि सरोवरांकडे जाणाऱ्या बस पकडायच्या असतात त्या पहाटेच.

पश्चिमेकडून सुरुवात करू. व्हँकुव्हर म्हणजे सतत पाऊस, ही ऐकीव माहिती हिवाळ्यापुरती खरी. जुलै-ऑगस्ट हे तिथले सगळ्यात कोरडे महिने. दुपारी बावीस-तेवीस अंश, रात्री तेरा-चौदा. छत्री लागत नाही, पण समुद्रावर संध्याकाळी वारा सुटला की हुडी लागते. अडचण येते ती भलत्याच बाजूने: तिथल्या जुन्या इमारतींत एसी नसतो आणि पंखा बसवायची पद्धतच नाही. खोली घेताना ‘एसी आहे का, निदान टेबलफॅन मिळेल का’ हे लिहून विचारा. २०२१च्या जूनअखेर आलेल्या उष्णतेच्या लाटेत ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकुव्हरच्याच प्रांतात, ६१९ माणसं दगावली, आणि त्यातली बहुतेक घरातच. त्याच लाटेत २९ जूनला लिटन नावाच्या छोट्या गावात ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. दुसऱ्याच दिवशी आगीत ते गाव जवळजवळ संपलं. अशी लाट दरवर्षी येत नाही. पण डोंगर ओलांडून ओकानागन खोऱ्यात केलोना किंवा ओसोयूसला उतरलात की ३५ अंश मात्र नेहमीचेच.

वणव्यांच्या धुराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सहलीचा बेत पावसाने जितका बिघडत नाही तितका धुराने बिघडतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धोका सर्वाधिक. शेकडो किलोमीटर दूरची आग तुमच्या सरोवराचा फोटो राखाडी करते. समोरचा डोंगर दिसत नाही, सूर्य भरदुपारी तांबड्या चकतीसारखा दिसतो. हवेसाठी कॅनडात जो निर्देशांक वापरतात त्याला एक्यूएचआय म्हणतात, आणि इथे आपली माणसं फसतात. हा आकडा १ ते १० असा चालतो, त्यापुढे ‘१०+’. दिल्ली-मुंबईच्या एक्यूआयची सवय असलेल्याला ७ वाचून हवा झक्क वाटते. प्रत्यक्षात ७ म्हणजे जास्त धोका: दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी बाहेरची दगदग कमी करावी अशी हवा. ३ पर्यंत बिनधास्त फिरा. बॅगेत चार-पाच एन-९५ मास्क टाका, कापडी मास्क धुरापुढे कुचकामी. हॉटेलचं बुकिंग रद्द करता येण्याजोगंच घ्या, दहा टक्के महाग पडलं तरी. २०२४च्या जुलैत रॉकीजमधलं जॅस्पर गाव रातोरात रिकामं करावं लागलं आणि दोन दिवसांनी आग गावात शिरली. बेत आखताना जॅस्परला पर्याय म्हणून दुसरं एखादं ठिकाण हाताशी असू द्या. शेकोटीबंदी लागू असेल तर कॅम्पवर लाकूड पेटवता येत नाही. दंड जबर असतो.

आता रॉकीज. कॅलगरी हजार मीटरच्या वर, बॅन्फ सुमारे १,३८०, लेक लुईज १,७००च्या वर, मोरेन लेक जवळजवळ १,९००. दर हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात, म्हणजे कॅलगरीचं तापमान बघून मोरेन लेकचे कपडे ठरवले तर फजिती ठरलेली. मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३पासून खाजगी गाड्या बंद आहेत. शटल बसने जायचं, तीही आधी आरक्षण करून. म्हणजे गाडीत बसून ऊब घ्यायची सोय नाही. सप्टेंबरच्या पहाटे शटलच्या रांगेत लाकडी कठड्यावर पांढरं हिव दिसतं, बोटं फोन धरवत नाहीत. दहा वाजता तेच लोक टी-शर्टवर असतात. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम शोषून लवकर वाळणारा टी-शर्ट (सुती नको, तो ओला राहतो आणि गारठवतो), मधे फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जॅकेट), वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे खिशात. लेक लुईज ते जॅस्पर जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर हिमनदीच्या पायथ्याशी जुलैतही बोचरा वारा असतो. त्या २३२ किलोमीटरच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज जवळपास नसते, त्यामुळे हवामान, रस्त्याची स्थिती आणि नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून घ्या.

डोंगरात दुपारी आपल्याकडच्या वळवासारखा पाऊस येतो. सकाळी लख्ख ऊन, दोननंतर ढग, गडगडाट, अर्ध्या तासात पुन्हा ऊन. चढाई असेल तर दुपारपर्यंत खाली उतरायला लागा. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नाही, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं.

कॅलगरीची गारपीट हा वेगळाच प्रकार. जून ते ऑगस्ट, बहुधा दुपार उलटल्यावर. ऑगस्ट २०२४मध्ये गारांनी विमानतळाच्या इमारतीचंसुद्धा नुकसान केलं होतं. भाड्याच्या गाडीचा विमा घेताना काच आणि गारपीट त्यात आहे का, हे विचारून घ्या. इशारा आला तर गाडी छताखालच्या पार्किंगमध्ये लावा. महामार्गावरच्या पुलाखाली मधेच थांबू नका, मागून येणारा धडकतो.

पुढे सस्कॅचेवान आणि मॅनिटोबाची मैदानं. उष्ण, वाऱ्याची, अधूनमधून टोर्नेडोचा (भोवऱ्यासारख्या वादळाचा) इशारा, आणि विनिपेगला डास. फुल बाह्या आणि डास पळवणारा २० टक्के इकॅरिडिनचा स्प्रे. एवढं पुरे.

टोरंटोत मुलांकडे राहायला आलेल्या आईबाबांना उकाड्याचं आश्चर्य वाटतं. जुलैत सरासरी कमाल २७ अंश, ऐकायला काहीच नाही. पण तिथे दमटपणा धरून काढलेला ‘ह्युमिडेक्स’ बघायचा असतो. तापमान ३२ आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो आकडा) २० असेल तर ह्युमिडेक्स ३९च्या आसपास जातो. ४०च्या वर दुपारची फिरती टाळावी, ४५च्या वर ज्येष्ठांनी बाहेर पडूच नये. यात मेख अशी की मॉल आणि बसमध्ये एसी इतका गार असतो की शाल लागते. जूनमध्ये सूर्यास्त नऊच्या सुमाराला होतो, तेव्हा शतपावलीला साडेसात-आठची वेळ सगळ्यात चांगली. ढगफुटीसारखा पाऊसही होतो. १६ जुलै २०२४ला विमानतळावर काही तासांत सुमारे ९८ मिलिमीटर पडला आणि शहरातले मोठे रस्ते पाण्याखाली गेले.

पूर्व किनाऱ्यावर घड्याळ हवामानाच्या हाती. न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला वर्षातले शंभराहून जास्त दिवस धुकं असतं, कारण लॅब्रेडॉरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमची उबदार हवा तिथे एकमेकांना भिडतात. जूनमध्ये हिमनग दिसण्याची शक्यता असते, पण विमान उशिरा उतरण्याचीही तेवढीच. पुढची कनेक्टिंग फ्लाइट त्याच दिवशी घेऊ नका. सप्टेंबरमध्ये हवा छान, पण तोच चक्रीवादळांचा काळ: २००३चं ह्वान, २०१९चं डोरियन आणि २०२२चं फियोना, तिन्ही सप्टेंबरमधली. फेरीबोट एक-दोन दिवस बंद राहू शकते. नोव्हा स्कॉशियाला पेगीज कोव्हच्या काळ्या, ओल्या खडकांवर पाय ठेवू नका, ऊन असलं तरी. लाट दूरच्या वादळातूनही येते.

पानांच्या रंगांसाठी येणार असाल तर तारखेपेक्षा पट्टा निवडा. रॉकीजमधले लार्च (सूचिपर्णी वृक्ष) सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिवळे होतात. ऑन्टारिओतल्या अल्गोनक्विन पार्कचा शुगर मेपल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लाल होतो, नोव्हा स्कॉशियातलं केप ब्रेटन त्यानंतर. एका वादळी रात्रीत अर्धी पानं गळतात, म्हणून आठवडाभर आधी ऑन्टारिओ पार्क्सचा रंगांचा अहवाल बघून दिवस ठरवा. अल्गोनक्विनसाठी गाडीचा दिवसाचा परवाना ५ दिवस आधी ऑनलाइन मिळतो आणि शनिवार-रविवारचे चटकन संपतात. मला मधल्या वाराची सकाळ पसंत.

बर्फ ऑक्टोबरची वाट बघतोच असं नाही. ८ सप्टेंबर २०१४ला कॅलगरीत बर्फ सुरू झाला. झाडांवर पानं तशीच असल्यामुळे ओलं बर्फ पानांवर साचलं, फांद्या मोडल्या आणि हजारो घरांची वीज गेली. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात. कॅलगरीहून व्हँकुव्हरकडे गाडीने जाणार असाल, तर किल्ली हातात घेण्यापूर्वी टायरवर डोंगर-हिमकणाची खूण किंवा ‘एम प्लस एस’ ही अक्षरं आहेत ना, ते खाली वाकून बघा.