सिट्का: सर्वांनी पाहायचे खांब आणि वैद्यांच्या झाकलेल्या वस्तू

अलास्काच्या आग्नेय भागातील बारानोफ बेटावरच्या सिट्का गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमानाने किंवा राज्य सरकारच्या फेरीबोटीने जावे लागते. उन्हाळ्यात क्रूझची गर्दी उतरण्यापूर्वीच राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान गाठावे आणि रेनकोट जवळ ठेवावा. प्रवेश विनाशुल्क आहे.

समुद्रकाठच्या जंगलातून जाणाऱ्या वाटेवर उभे असलेले टोटेम खांब (कुळांची चिन्हे कोरलेले उंच लाकडी खांब) बहुतांशी प्रतिकृती आहेत. मूळ खांब अलास्काचे गव्हर्नर जॉन ब्रेडी यांनी १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनासाठी मुख्यतः प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरील त्लिंगित व हैदा या मूलनिवासी जमातींच्या गावांतून मिळवले होते, त्यामुळे त्यांवर सिट्काच्या कुळांची कथा शोधू नये. ती कथा जवळच्याच शेल्डन जॅक्सन संग्रहालयात भेटते: १८०४ मध्ये रशियनांशी लढताना सिट्काच्या किक्सादी या त्लिंगित कुळातील योद्धा काल्यान याने घातलेले कावळ्याच्या रूपाचे लाकडी शिरस्त्राण तेथे आहे. कपाटांखालचे खण ओढून पाहायला विसरू नये. बरेच काही त्यांतच ठेवलेले असते.

खांब सर्वांनी पाहावेत म्हणून उभारले जात. ‘इख्त’ म्हणजे त्लिंगित वैद्य-मांत्रिक (आपल्याकडच्या भगताची आठवण व्हावी असा) याच्या वस्तूंचे तसे नव्हते. त्याचे मुखवटे, पक्ष्याच्या आकाराचे कोरीव खुळखुळे आणि हाडाचे व दातांचे ताईत ही त्याच्या साहाय्यक आत्म्यांची ठिकाणे मानली जात. त्यांत पाणमांजर विशेष सामर्थ्याचे, कारण बुडालेली माणसे त्याच्या कळपात ओढली जातात अशी समजूत होती. इख्त केस कापत नसे. इतरांचे दहन होई, त्याला मात्र गावाबाहेरच्या छोट्या घरवजा समाधीत वस्तूंसह ठेवत, आणि लोक तिकडे फिरकत नसत. नौदल अधिकारी जॉर्ज एमन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच समाध्यांतून वस्तू काढल्या. त्यांपैकी पुष्कळशा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेल्या.

जानेवारी २०२४ पासून अमेरिकेतील संग्रहालयांना अशा पवित्र वस्तू मांडण्यापूर्वी संबंधित जमातींची संमती घ्यावी लागते. म्हणून एखादे कपाट झाकलेले दिसले तर कर्मचाऱ्यांकडे हट्ट धरू नये. मला तरी ते झाकलेले कपाटच योग्य वाटते. जे मांडलेले असेल त्याचाही फोटो विचारूनच काढावा.

खरेदी करताना ‘सिल्व्हर हँड’ची खूण पाहावी, वस्तू अलास्कातील मूलनिवासी कारागिराने घडवल्याची ती हमी आहे. वॉलरसच्या सुळ्याची वस्तू देशाबाहेर नेण्यास परवाना लागतो, त्यामुळे भारतात परतणाऱ्यांनी चांदीचे कोरीव कडे किंवा लाकडी चमचा घेणे अधिक सोयीचे.