फोन उचलण्याआधीची माफी

आज मैत्रिणीसोबत बसले असताना तिचा फोन तीनदा वाजला आणि तिसऱ्यांदा तो उचलताना, पलीकडून कोणी काही बोलण्याआधीच, तिने ‘सॉरी’ म्हटले. तिचा जोडीदार कधी हात उगारत नाही, असे ती नेहमी सांगते. पण कोणाला भेटायचे, किती वाजता परतायचे हे तोच ठरवतो आणि भांडण झाले की ‘मी असे बोललोच नव्हतो’ हे इतक्या शांतपणे सांगतो की तिचा स्वतःच्या आठवणीवरचाच विश्वास उडत चालला आहे. एखाद्याला असे स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावण्याला गॅसलायटिंग म्हणतात. (मीही कित्येक दिवस या सगळ्याला त्याची काळजीच समजत होते.) इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावरील अशा सततच्या नियंत्रणाला, मारहाण नसली तरी, २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. निघताना तिने भेट ठरवल्याचे आमचे मेसेज एकेक करून पुसले.