बिघडलंच नव्हतं म्हणे

आज वेल्डिंगचा जनरेटर चालू झाला. खूश व्हायला हवं होतं. पण आप्पा दारातूनच म्हणाले, "म्हंजे काय बिघडलंच नव्हतं की," आणि चहाला आत गेले.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

बिघडलं नव्हतं? इंजिन झकास फिरत होतं, मान्य. पण रॉड अँगलवर घासला तर ठिणगी नाही. २३० च्या सॉकेटवर मीटर धरला तर काटा हलायला तयार नाही. इकडे द्राक्षबागेतल्या वाय अँगलचं, म्हणजे वेलींच्या लोखंडी मांडवाचं, काम छाटणीच्या आत उरकायचं, आणि शेतीचा थ्री-फेज लाईट अर्धा आठवडा रात्रीचा. त्या काळजीत किती रात्री गेल्या ते... जाऊ दे.

मिरजेत एकानं न बघताच सांगितलं, रोटर (आतला फिरणारा भाग) जळलाय, रिवाइंडिंग करा, म्हणजे त्याची तार नव्यानं गुंडाळा. आप्पा लगेच पैसे मोजायला तयार होते. हे आठवलं की जास्त लागतं.

मी ब्रश, म्हणजे रोटरला करंट देणारे कार्बनचे तुकडे, काढून बघितले. कार्बन पुरेसा लांब, स्प्रिंगही दाबतेय. ते ज्यांच्यावर घासतात त्या स्लिप रिंगा काळ्या पडल्या होत्या, झिरो पेपरनं पुसल्या. दोन रिंगांमध्ये ओहम बरोबर, बॉडीला कुठं अर्थिंग लागत नाही. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधला एकेक डायोड सोडवून तपासला. सगळं शाबूत! मग उरलं एकच. रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मागं राहतं, मशीन वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिल्यानं ते गेलेलं. त्याच्यावरच तर पहिले दोन-चार व्होल्ट तयार होतात, तेच फिरून फील्डला, म्हणजे रोटरच्या गुंडाळीला, जातात आणि व्होल्टेज चढत जातं. ते पहिले दोन-चारच नसतील तर इंजिन नुसतं डिझेल पितं.

ब्रशच्या वायरी ब्रिजपासून सोडल्या, ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणली, करंट जास्त जाऊ नये म्हणून मध्ये हेडलाइटचा बल्ब घातला आणि इंजिन चालू असताना प्लसला प्लस बघून क्षणभर टेकवलं. काटा उठला. वायरी परत जोडून सुरू केलं तर आपोआप चढत गेलं. इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू फिरवून मोकळ्यावर ५२ हर्ट्झ ठेवले, म्हणजे मिनिटाला १५६० फेरे; लोड पडला की १५०० च्या आसपास येतात. ३.१५ चा रॉड १०० अँपिअरवर असा सुरेख वाहिला की काय सांगू.

आणि एवढं करून दाखवायला हातात काय? काही नाही. जळका रोटर निघाला असता तर काळी पडलेली तांब्याची तार कट्ट्यावर ठेवून म्हणता आलं असतं, हे बघा. नवा पार्ट नाही, बिल नाही, म्हणजे कामच नाही. दादा असता तर त्याला अर्ध्या वाक्यात कळलं असतं. असो.

संध्याकाळी आप्पा तात्यांना सांगत होते, "घेतानाच मी बघून घेतलं हुतं, मशीन चांगलं हाय." मी आत पान्हे पुसत होतो, हसू आवरेना. रोटर चांगला, डायोड चांगले, ब्रश चांगले, हे मीटर लावून मीच तर ठरवलं होतं. त्यांनी नुसतं बघूनच ओळखलं!

यापुढं पिशवीत एक झिजका ब्रश ठेवून देतो. काम झालं की बाहेर काढायचा, "हा बदलला."

उद्या डिझेलच्या परतीच्या नळीचा वायसर टाकायचाय. तो खरोखरच फाटलाय. आप्पांच्या समोरच काढीन.