बारा सदतीसचा मुहूर्त

लग्नपत्रिकेत नेमकी अशी एकच वेळ असते. बाकी सगळा कारभार 'सकाळी', 'नंतर', 'जेवणं आटोपली की'. मुहूर्त मात्र 12 वाजून 37 मिनिटांनी. आकडा असा तिरपागडा येतो, कारण पंचांगाचा हिशेब मूळचा घटिका-पळांचा. दिवसरात्रीच्या 60 घटिका, एक घटिका 24 मिनिटांची आणि एक पळ 24 सेकंदांचं. पूर्वी तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायचे, ती भरून बुडाली की घटिका भरली. शिवाय हा हिशेब गावागणिक बदलतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांच्या आसपास फरक आहे, म्हणजे सूर्याच्या दृष्टीने नागपूर सुमारे 25 मिनिटं पुढे. एक घटिकाच म्हणा ना. मुंबईचा गोरज मुहूर्त धरून नागपुरात अक्षता टाकल्या, तर गाई केव्हाच गोठ्यात जाऊन बसलेल्या असतात.

तर दिवसाचं वेळापत्रक या एका खुंटीला टांगायचं आणि तिथून मागे मागे लिहीत जायचं. पहाटेपासून पुढे लिहिलेला कागद हमखास फसतो. जो तो आपल्या कामाला दहा मिनिटं जास्त घेतो आणि सगळी उधारी मुहूर्ताच्या माथी येते.

12:37ला अंतरपाट दूर व्हायचा आहे. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात, ओळीला 19 अक्षरं, चार ओळी आणि वर 'शुभमंगल सावधान'. संथ चालीत एका श्लोकाला सव्वा मिनिट, म्हणजे आठांना 10 मिनिटं. त्यात आत्याबाईंची स्वरचित रचना धरा. तिच्यात दोन्ही घरांतल्या यच्चयावत माणसांची नावं गुंफलेली असतात, त्यामुळे तिला 3 मिनिटं. जाणते गुरुजी एक डोळा घड्याळावर ठेवतात. हातात वेळ उरला तर 'आणखी कोणाला म्हणायचंय का?' असं विचारतात, उशीर झाला तर मधले श्लोक गाळतात, आणि 'तदेव लग्नं' शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवतात. एवढ्यासाठी 12:20ला वधूवर पाटावर उभे हवेत.

मग मामाने भाचीला आणायला 12:10ला निघायला हवं. वधूची खोली वरच्या मजल्यावर असते आणि मधला जिना वेळापत्रकात कोणीच लिहीत नाही. नऊवारी, पैंजण, दोन्ही बाजूंना करवल्या, आणि खाली उभा फोटोग्राफर म्हणतो, 'मामा, परत एकदा वरून या.' जिन्याला 10 मिनिटं द्यावीतच.

अजून मागे चला. गौरीहराला 11:30. नऊवारी नेसवायला सराईत हाताला 20 मिनिटं, दागिन्यांसकट पाऊण तास. केस आणि मेकअप यांना 2 तास. त्याआधी पुण्याहवाचन आणि देवक दीड तास. म्हणजे 7 वाजता मुलगी पाटावर आणि 6 वाजता घरातली माणसं हॉलवर. कागदावर हे नीट बसतं. फसतं ते वेगळ्याच जागी. मेकअपवाली ठरलेली असते एका वधूसाठी, पण आईचा अंबाडा, बहिणीचा खोपा, 'माझं फक्त आयलायनर' म्हणत आलेली काकू, असं करत पाऊण तास जातो. दुसरी मदतनीस आणायला सांगावी, किंवा बाकीच्यांना 8:30च्या आत उरकावं.

मुंडावळ्यांचंही तसंच. गजरा माळून झाल्यावर मुंडावळ्या बांधल्या की गाठ पिनांत अडकते, आणि लग्न लागल्यावर शालू नेसताना कोणीतरी घाईने ओढतं. मोती घरंगळत जिन्याखाली जातात, खोपा एका कानावर येतो. आधी गाठ, मग तिच्यावर गजरा. गाठ झाकते आणि सोडवताना सापडतेही. गजरे तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे, तिथे फुलं काळी पडतात.

अक्षता पडल्या की यजमान सुस्कारा सोडतात आणि खरी ओढाताण तिथून सुरू होते. चारशे पाहुणे, चौघाचौघांचे गट धरले तर शंभर फोटो. प्रत्येकाला 40 सेकंद दिली तरी तासाच्या वर वेळ जातो. तेवढ्यात गुरुजी होमकुंडाशी समिधा रचून बसलेले. एक तर होम आधी उरकून स्टेज 2 वाजता उघडावं, नाहीतर पाहुण्यांना आधी जेवायला बसवावं. दोन्ही एकदम करू गेलं की वधू उपाशी राहते. तिला 11च्या सुमारास केळं आणि स्ट्रॉने दूध द्यायचं काम एका मावशीच्या नावावर लिहावं. नुसतं 'कोणीतरी देईल' म्हटलं तर कोणीच देत नाही.

लाजाहोमाला वधूचा भाऊ लागतो, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला आणि नवरदेवाचा कान पिळायला. तो नेमका त्या वेळी पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी काढून देत असतो. गुरुजींच्या पिशवीत साळीच्या लाह्या, 50 सुपाऱ्या, विड्याची पानं, रुपयाची 50 नाणी आहेत का, ते आदल्या रात्रीच पाहावं. सकाळी पाचशेची नोट मोडून द्यायला कोणी मोकळं नसतं. आणि नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची व साक्षीदारांची सही तिथल्या तिथे घ्यावी. दक्षिणा हातात पडली की गुरुजी पुढच्या मुहूर्ताला निघतात.

पाठवणीला नेमकी वेळ लिहू नये, रडणं घड्याळावर चालत नाही. वेळ लिहावी ती वरपक्षाच्या एका गाडीची. ती अर्धा तास आधी सुटायला हवी, कारण उंबरठ्यावर तांदळाचं माप भरून ठेवायचं असतं, ओवाळायचं ताट लावायचं असतं. नाहीतर नवी सून दारात उभी, तांदूळ डब्यात, आणि घराची किल्ली मागून येणाऱ्या काकूंच्या पर्समध्ये.