आमची वाटचाल : लेखाची जुनी आवृत्ती जपताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीलगतच्या दोन खोल्यांत आमचा व्यवसाय सुरू झाला, तो टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांना बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवण्यासाठी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ग्राहकांचे फोन इतके वाढले, की तीच उत्तरे दिवसभर तोंडी देत राहण्यापेक्षा ती मराठीत लिहून सर्वांना ऑनलाइन वाचता येतील अशी ठेवावीत, असे आम्ही ठरवले. आमच्या क्षेत्रात अशा संग्रहाला नॉलेज बेस म्हणतात. लेख लिहिण्याची आम्ही मनापासून काळजी घेतली, परंतु लिहिलेला लेख पुढे बदलतो, तेव्हा जुन्या मजकुराचे काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनात आलाच नाही. नियम बदलला की जुने वाक्य पुसून नवे लिहायचे, एवढीच आमची पद्धत होती.

या पद्धतीतील दोष जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला. ई-वे बिल म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढावे लागणारे पत्र; त्याची मुदत तोपर्यंत दर १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर साधारण ३०० किलोमीटरहून थोडे अधिक असल्याने त्या प्रवासाला पूर्वी चार दिवस मिळत, ते आता दोनच मिळू लागले. आमच्या एका सहकाऱ्याने लेखात ही दुरुस्ती वेळेवर केली होती. मात्र त्यानंतर चारच दिवसांनी दुसऱ्या सहकाऱ्याने शुद्धलेखन तपासण्यासाठी पूर्वीच उतरवून घेतलेली प्रत दुरुस्त केली आणि ती जशीच्या तशी लेखावर चढवली. शुद्धलेखन सुधारले, नियम मात्र जुना परत आला.

तो लेख वाचून एका ग्राहकाने भरलेली गाडी निर्धास्तपणे थांबवून ठेवली. वाटेत मुदत संपली, ती वाढवून घेण्यासाठी मिळणारे नंतरचे आठ तासही उलटले आणि त्यांना दंड भरावा लागला. त्यांचे वयोवृद्ध अकाउंटंट आमच्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, मागच्या आठवड्यात तुमच्याच लेखात दोनशे लिहिलेले मी या डोळ्यांनी वाचले होते, मग मालकांनी वाचले तेव्हा तिथे शंभर कसे होते?” लेख कोणी, कधी आणि का बदलला, याची कोणतीही नोंद आमच्यापाशी नव्हती. खरे काय घडले, हे शोधून काढायला आम्हाला दोन दिवस लागले. चूक आमची होती आणि आम्ही ती त्यांच्याकडे जाऊन मान्य केली.

त्यानंतर आम्ही संग्रहाची रचना मुळापासून बदलली. आता कोणताही लेख जतन केला, की जुना मजकूर तसाच राहतो आणि नव्या क्रमांकाची आवृत्ती तयार होते. तिच्यासोबत बदल करणाऱ्याचे नाव, वेळ आणि बदलाचे कारण नोंदले जाते, आणि कारण लिहिल्याशिवाय जतन करताच येत नाही. लिहिणाऱ्याने ज्या आवृत्तीवरून काम सुरू केले, तिच्यानंतर दुसऱ्या कोणी बदल केला असेल, तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी दिसतात आणि निर्णय माणसाला घ्यावा लागतो. विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास कोणालाही पाहता येतो, आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील असे इतिहास वाचूनच आम्ही पुष्कळ शिकलो. इतक्या आवृत्त्या साठवायला फार जागा लागेल, ही भीती मात्र अनाठायी ठरली : देवनागरीतील एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेते, त्यामुळे हजार शब्दांच्या लेखाच्या शंभर आवृत्त्या पूर्णपणे साठवल्या तरी त्या मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राएवढीच जागा घेतात.

दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणे हे मराठीत अपेक्षेपेक्षा अवघड निघाले. तयार साधने ओळीनुसार तुलना करतात आणि आमचा एक परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ असते, त्यामुळे एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद रंगून दिसे. ते शब्दवार केल्यावर वेगळीच अडचण आली. “करणाऱ्या” या शब्दातील अर्धा र संगणकावर एकापेक्षा अधिक प्रकारांनी लिहिला जातो; डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण यंत्र त्याला बदल समजते. म्हणून तुलनेपूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणण्याची पायरी आम्ही घातली. हे काम लहान वाटते, परंतु खोट्या फरकांच्या गर्दीत खरा फरक हरवू नये, यासाठी ते अत्यावश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत महत्त्वाचा धडा तारखांचा होता. लेख कधी बदलला आणि नियम कधीपासून लागू झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचकाला बहुधा दुसरी हवी असते. ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल; ते ज्या वार्षिक उलाढालीच्या पुढे बंधनकारक होते, ती मर्यादा १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपये होती; ती पुढे १००, ५० आणि २० कोटींवर आली, १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटी झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. आमचे बहुतेक ग्राहक शेवटच्या दोन टप्प्यांत या कक्षेत आले. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागत असल्याने, २०२२ च्या बिलाबद्दल आज विचारणा होऊ शकते आणि त्या वेळी आजचा नियम दाखवणारा लेख कामाचा नसतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीवर आम्ही ‘लागू दिनांक’ हा वेगळा रकाना ठेवला. ग्राहक बिलाची तारीख देतो आणि त्या दिवशी लागू असलेला मजकूर त्याच्यासमोर येतो.

जुनी आवृत्ती परत आणायची झाली, तरी मधल्या आवृत्त्या आम्ही काढत नाही. जुना मजकूर नव्या क्रमांकाने सर्वांत वर येतो. चित्रांबाबतही हेच धोरण आहे, कारण त्याच नावाने नवे चित्र चढवले की जुन्या लेखात सॉफ्टवेअरचा नवा स्क्रीन दिसू लागतो. अपवाद एकच : एखाद्या चित्रात ग्राहकाचा बँक खाते क्रमांक दिसला, तर ते कायमचे हटवले जाते आणि हटवल्याची नोंद तेवढी राहते.

सध्याचे काम तेलुगू लेखांचे आहे. शहराच्या पूर्व भागातील अनेक कारखानदारांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि त्यांच्यासाठी आम्ही निवडक लेखांची भाषांतरे करून घेतली आहेत. मराठी लेख पुढे जातो आणि भाषांतर मागे राहते, हे लक्षात आल्यावर प्रत्येक तेलुगू लेखावर तो कोणत्या मराठी आवृत्तीवरून केला, तो क्रमांक आम्ही टाकू लागलो. मूळ लेखाचा लागू दिनांक बदलला, की तेलुगू लेखाच्या माथ्यावर तशी सूचना आपोआप येते आणि भाषांतर पूर्ण होईपर्यंत ती हटत नाही. ई-वे बिलाच्या लेखापासून आम्ही ही सुरुवात केली आहे.