टेबलावरचा साधा फोन आणि फ्लॅशचं बटण

ऐन मार्चअखेरीला माझ्या टेबलावरचा की-फोन बंद पडला. स्क्रीनवाला, बाजूला लाल-हिरव्या दिव्यांची रांग असलेला. दुरुस्तीला तीन आठवडे, आणि नवा घ्यायचा तर मंजुरी. घरी माळ्यावर बीटेलचा साधा फोन पडून होता. लँडलाइन काढून टाकल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. फडक्याने पुसला, पिशवीत घातला आणि ऑफिसात आणून की-फोनच्याच वायरीला लावला.

मुकाट. डायल टोन सोडा, साधी खरखरही नाही. फोनच मेलाय असं वाटलं. पण रिसेप्शनशेजारच्या फॅक्सच्या वायरीला लावला, तर तिथे छान टोन!

ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या एक्स्चेंजची, देखभाल करणारा मुलगा आला आणि बघताक्षणी हसला. "काका, डीकेपीच्या पोर्टला एसएलटी लावलाय तुम्ही." डीकेपी म्हणजे की-फोन, एसएलटी म्हणजे साधा फोन. म्हणजे असं की दोन्ही फोनना दोनच तारा, पिनही सारखीच, पण की-फोनच्या तारांतून डिजिटल सिग्नल जातो. साध्या फोनला तो कळत नाही. त्याला अॅनालॉग पोर्टच लागतो, बोलायला आणि घंटी वाजवायला लागणारी वीजही त्याच तारांतून येते. त्याने कपाटामागची एक्स्चेंजची पेटी उघडली, क्रोनवरून, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवरून, माझी तारांची जोडी उपटली आणि रिकाम्या एसएलटी पोर्टवर टूलने खट्कन बसवली. मग प्रोग्रामिंग करून माझा जुना २१४ नंबर तिकडे वळवला. दहा मिनिटांचं काम, पण त्यासाठी मी दोन दिवस त्याची वाट पाहिली होती.

फोन सुरू झाला. दुपारी बँकेला लावला. शून्य दाबून बाहेरची लाइन घेतली, नंबर लागला, पलीकडची बाई म्हणाली, हिंदीसाठी दोन दाबा. दाबलं. कानात टक-टक. बाईचं आपलं पुन्हा पहिल्यापासून. फोन उलटा केला तर खालचा बारीक खटका 'पी'वर, म्हणजे टक-टक करणाऱ्या पल्सवर. आमची पेटी पल्सवर फिरवलेला नंबर समजून घेत होती, पण बँकेच्या यंत्राला प्रत्येक आकड्याचा सूर, म्हणजे टोनच लागतो. पेनच्या टोकाने खटका 'टी'वर सरकवला.

खरा छळ फ्लॅशच्या बटणाने केला. की-फोनवर ट्रान्सफरला वेगळं बटण होतं. इथे फ्लॅश दाबायचं, टोन आला की आतला नंबर फिरवायचा, तो उचलणाऱ्याला सांगायचं आणि आपण रिसीव्हर ठेवायचा. मी दाबायचो आणि ग्राहक थेट गायब! एकाने तर परत फोन करून सुनावलं, "बोलायचं नसेल तर तसं सांगा ना." फ्लॅश म्हणजे लाइन क्षणभर तोडणं. माझा फोन ती ६०० मिलिसेकंद तोडत होता, आणि पेटीत मर्यादा त्याहून कमी ठेवलेली; तिला वाटायचं, यांनी फोन ठेवला. काही फोनना ही वेळ बदलायचा खटका असतो, माझ्याला नव्हता. मुलाने माझ्या पोर्टपुरती पेटीतली मर्यादा वाढवली. आता फोन ठेवून लगेच उचलला तर पेटी त्यालाच फ्लॅश समजते, म्हणून ठेवल्यावर मनात दोन मोजतो.

रिडायलचीही गंमत आहे. शून्यानंतर बाहेरची लाइन यायच्या आतच फोन पुढचे आकडे सोडून मोकळा होतो. शून्यानंतर पॉझ दाबला तर जमतं, पण तेवढ्यात नंबर हातानेच फिरवून होतो.

की-फोनवरच्या, कोण होल्डवर आहे ते दाखवणाऱ्या दिव्यांची मात्र आठवण येते. परवा एका आजींना होल्डवर ठेवलं, फाइल शोधायला लागलो, आणि नादात रिसीव्हर जागेवर ठेवून दिला. थोड्या वेळाने घंटी. "नमस्कार, बोला," मी म्हणालो.

"अहो, मीच आहे अजून," आजी म्हणाल्या. "सापडली का फाइल?"