दोघांच्या शर्यती नौकेचा आराखडा आणि चार खिडक्यांचा दाखला

चार खिडक्यांच्या दाखल्यासाठी एका परदेशी तपासणी कार्यालयाशी मला जो पत्रव्यवहार करावा लागला, त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही, आणि हा अनुभव लिहायला घेण्याचे खरे कारण तेच आहे. नौकेचा आकार, शिडे, सुकाणू, कील (तळाखालचा वजनदार पंखा) या सगळ्या गोष्टी, ज्यांच्यावर आमच्या व्यवसायातले लोक रात्र रात्र वाद घालतात, त्या या वेळी तुलनेने सुरळीत पार पडल्या.

माझा रोजचा व्यवसाय टग आणि बार्ज यांच्या आराखड्यांचा आहे. शिवाजी पार्कला राहणारे एक डॉक्टर दांपत्य बरीच वर्षे मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवत आले आहे. त्यांना दहा मीटरच्या आतली, फक्त दोघांनी चालवायची, खोल समुद्रातल्या शर्यतीसाठीची नौका हवी होती. आधी मुंबई ते गोवा, आणि पुढे जमल्यास बोट युरोपला नेऊन इंग्लंडहून सुटणाऱ्या फास्टनेट शर्यतीच्या दोघांच्या गटात उतरायचे, असा त्यांचा बेत होता. ही शर्यत २०२१ पासून फ्रान्समधल्या शेरबूर्गला संपते आणि तिचे अंतर सुमारे ६९५ सागरी मैल आहे. २०१३ साली तिथे दोघांनी चालवलेल्या जेपीके १०.१० या बोटीने सर्वांमध्ये पहिला क्रमांक मिळवला, तेव्हापासून लहान बोटीतल्या जोडीकडे कोणी हौशी म्हणून पाहत नाही. आपल्याकडे नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण ती बोट १७ मीटरची आहे, दहा मीटरच्या बोटीत तितकीच माणसे, तेवढेच पाणी आणि तशीच झोप बसवायची म्हटली की प्रत्येक लिटर आणि प्रत्येक किलो मोजावा लागतो.

डॉक्टरांची मागणी वेगाची होती आणि वहिनींची मागणी राहण्याची. “रात्रीचा पहारा संपवून खाली उतरल्यावर मला ओले बूट काढायला जागा हवी, आणि चहा करताना मान वाकवायला लागता कामा नये,” असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले. डॉक्टरांना ही चैन वाटत होती. माझे मत तेव्हाही वहिनींच्या बाजूचे होते, कारण दहा जणांच्या बोटीवर एक माणूस थकला तर दुसरा उभा राहतो, पण दोघांच्या बोटीवर एक माणूस झोपू शकला नाही की पहाटेपर्यंत दोघेही चुकीचे निर्णय घेऊ लागतात. ऑटोपायलट हा तिसरा खलाशी असतो हे खरे, म्हणून तो जोडीने बसवला आणि दोन्हींचे विजेचे मार्ग वेगळे ठेवले, पण वारा कधी बदलणार आणि शीड कधी आखडायचे हे ऑटोपायलट ठरवत नाही.

मूळ मापे अशी ठरली: लांबी ९.९५ मीटर, रुंदी ३.३५ मीटर, पूर्ण सज्ज पण कमीत कमी भाराच्या स्थितीतले वजन ३,३५० किलो, त्यातले १,३५० किलो कील आणि तिच्या तळाच्या शिशाच्या गोळ्यात. मागची बाजू रुंद असल्यामुळे दोन सुकाणू घेतले, कारण बोट कलली की मधले एकच सुकाणू अर्धे पाण्याबाहेर येते. वाऱ्याकडच्या कडेला बसायला माणसे नसतात, म्हणून दोन्ही बाजूंना २०० लिटरची पाण्याची टाकी दिली. समुद्राच्या पाण्याचे ते सुमारे २०५ किलो होतात, म्हणजे कधीही न थकणारी दोन-तीन माणसे कडेला बसवल्यासारखे झाले. सगळे दोर कॉकपिटात, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, आणले, पुढचे शीड डोलकाठीच्या मागे न जाणारे ठेवले. या भागावर अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही.

आतली रचना मात्र कागदावर ठरवू नये, हे आग्रहाने सांगतो. रे रोडजवळ दारूखान्यात एका ओळखीच्या गोदामात आम्ही केबिनचा प्लायवूडचा पूर्ण मापाचा नमुना उभा केला आणि तो पाचरी ठोकून २० अंश कलता ठेवला, कारण खोल समुद्रात बोट बहुतेक वेळ तशीच असते. सुतारकाका सवयीने ओळंबा काढून प्रत्येक फळी सरळ करायला निघाले आणि शेवटी वैतागून म्हणाले, “साहेब, सगळंच तिरकं करायचं तर ओळंबा घरी ठेवू ना!” त्या तिरक्या खोक्यात वहिनींनी एका बर्नरची झुलती शेगडी अडकवली, कमरेला पट्टा बांधला आणि पातेल्यात पाणी ओतून पाहिले. तेव्हा लक्षात आले की सिंक बाजूला असेल तर एका कलावर त्यातले पाणी निचरत नाही, उलटे वर येते. म्हणून सिंक मध्यरेषेजवळ आणले. शौचालय बहुतेक शर्यती बोटींत डोलकाठीच्या पुढे असते, जिथे बोट सर्वांत जास्त आपटते. आम्ही ते खाली उतरण्याच्या पायरीजवळ आणले आणि त्याच्याच दारामागे ओल्या कपड्यांची आणि बुटांची जागा केली. झोपायच्या जागा दोन्ही कडांना मागच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे झोपलेला माणूसही वाऱ्याकडच्या बाजूला वजन म्हणून उपयोगी पडतो.

आता अडलेल्या घोड्याकडे वळतो.

डॉक्टरांना बोट आयएसओ १२२१७-२ या स्थैर्याच्या मानकाप्रमाणे ‘ए’ वर्गात बसवायची होती, म्हणजे आठ बोफर्टहून (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचे माप) जोराचा वारा आणि चार मीटरहून उंच लाटा गृहीत धरून. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात १५ खलाशी दगावले, तेव्हापासून उलटलेली बोट आपणहून सावरते की नाही हा प्रश्न आमच्या व्यवसायात मध्यवर्ती झाला. बोट किती अंशांपर्यंत कलली तरी परत उभी राहते, त्या कोनाची किमान मर्यादा ‘ए’ वर्गासाठी १३० वजा वजनाच्या किलोंचा ०.००२ पट अशी काढतात, आणि ती १०० अंशांखाली चालत नाही. आमच्या बोटीला त्या हिशेबाने १२३.३ अंश लागत होते. ‘बी’ वर्गासाठी ०.००५ पट वजा होतात, म्हणजे ११३.३ अंश पुरतात, आणि तिथे आम्ही आरामात होतो. ‘ए’साठी मात्र गणित १२१ च्या आसपास अडकत होते. रुंद बोट सरळ असताना फार भक्कम असते आणि उलटी झाल्यावरही तितक्याच हट्टाने उलटी राहते. रुंदी ही दोघांच्या बोटीची गरज, त्यामुळे ती कमी करणे शक्य नव्हते.

या टप्प्यावर कोणीही सुचवतो की आतले सामान काढून टाका. डॉक्टरांनीही तेच सुचवले. मी बॅटऱ्या चार्ट टेबलाखालून काढून कीलच्या वर मध्यरेषेत बसवल्या, त्याने एक अंशही मिळाला नाही. शेगडी, गाद्या, दरवाजे काढले असते तरी फारसे हाती लागले नसते, कारण त्यांतली बहुतेक वजने पाणरेषेच्या आसपासच होती. खरा फरक पडला तो केबिनचे छप्पर, म्हणजे कोचरूफ, ७० मिलिमीटरने उंचावल्यावर. बोट उलटी झाली की हे छप्पर पाण्याखाली जाते आणि त्याच्या आतली हवा बोटीला वर ढकलते. त्यामुळे छप्पर जितके मोठे आणि बंदिस्त, तितकी बोट उलटी राहायला नाखूष. फोम सँडविचचे (दोन पातळ थरांमध्ये फोम असलेल्या रचनेचे) वजन थोडेच वाढले, कोन १२४ च्या वर गेला, आणि गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेतली, उंची १.७६ वरून १.८३ मीटर झाली. वहिनींची मान आणि बोटीचे स्थैर्य ही दोन्ही कामे एकाच रेषेने साधली, याचा मला झालेला आनंद लपवत नाही.

पण छपराचे आकारमान हिशेबात धरायचे तर त्यातल्या खिडक्या आणि दरवाजे पाण्याचा दाब सोसतील हे दाखवावे लागते, आणि त्याचे मानक वेगळे आहे, आयएसओ १२२१६. तपासणी कार्यालयात दोन टेबले होती, एक बांधणीच्या मजबुतीचे आणि एक स्थैर्याचे. स्थैर्याच्या टेबलाने कळवले की बांधणीचे टेबल खिडक्या मंजूर करत नाही तोवर छप्पर धरणार नाही, आणि छप्पर न धरता तुमची बोट ‘ए’ वर्गात बसत नाही. बांधणीच्या टेबलाने कळवले की बोटीचा वर्ग निश्चित झाल्याशिवाय खिडक्यांवर कोणता दाब धरायचा हे ठरत नाही, म्हणून स्थैर्याचा निकाल आधी आणा. दोन्ही पत्रे अत्यंत सभ्य भाषेत होती. प्रत्येक उत्तराला आठवडे लागत, आणि प्रत्येक उत्तर मी आधीच पाठवलेल्या कागदाची नव्याने मागणी करत असे. या टोलवाटोलवीत पावसाळा सुरू झाला, बंदरातल्या बोटी पाण्याबाहेर काढून झाल्या, आणि गोव्यातला बांधणी करणारा कारखाना साचा कधी सुरू करायचा हे दर सोमवारी विचारत राहिला.

त्यात भर पडली खिडक्यांच्या ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची. १० मिलिमीटरचे पत्रे मी मुंबईतल्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे ठरवले होते आणि नमुन्याचा तुकडा घेतलाही होता. त्याच्या पावतीवर ‘क्लिअर शीट’ आणि रक्कम, एवढेच लिहिलेले होते. कार्यालयाला उत्पादकाच्या नावाचा, पदार्थाच्या ताकदीचा दाखला हवा होता, आणि खिडकी नुसती चिकटवलेली असेल तर चिकटवणीचाही. व्यापारी म्हणाला, “साहेब, माल चांगला आहे, सगळे नेतात.” तो खरेच चांगला असेल, पण ते वाक्य कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. अखेर मी मोठ्या खिडक्या लहान केल्या, चिकटवणीबरोबर बाहेरून बोल्टची चौकट दिली, आणि पत्रे दाखल्यासकट बाहेरून मागवले; महाग पडले. कोणाला असे काम करायचे असेल तर खिडकीचे पारदर्शक साहित्य आणि झडपा या दोन गोष्टी सर्वांत आधी, हलचा, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचाचा, आकार ठरण्यापूर्वी, दाखल्यासकट निश्चित कराव्यात.

कोंडी फुटली ती एका पानाने. मी दोन्ही टेबलांचे फाइल क्रमांक वरती लिहून एकच तक्ता केला: डावीकडे ‘ए’ वर्ग गृहीत धरून काढलेला खिडक्यांवरचा दाब आणि पत्र्याची जाडी, उजवीकडे तेच छप्पर धरून आणि न धरता आलेले स्थैर्याचे कोन, आणि खाली एक ओळ की दोन्ही निकाल परस्परांच्या अटीवर एकाच वेळी द्यावेत. मग दोन्ही अभियंत्यांना एकाच व्हिडिओ कॉलवर बोलावले. दोघे एकाच इमारतीत बसतात हे मला तेव्हा कळले. त्यांच्यापैकी एक जण म्हणाला की असे करता येते, नेहमीच करतात. इतके दिवस हे कोणीच का सांगितले नाही, हा प्रश्न मी गिळला, कारण समोर शिक्का दिसत होता.

शिक्क्याआधी एक शेवटची हरकत हवेच्या झरोक्यांची निघाली. मुंबईच्या उकाड्यात बंद केबिनमध्ये झोपणे अशक्य असते, म्हणून मी चार व्हेंटिलेटर दिले होते, पण मानकाप्रमाणे बोट ४० अंश कलेपर्यंत अशा उघड्या तोंडांतून पाणी आत शिरता कामा नये, आणि कडेचे दोन झरोके त्या मर्यादेच्या फार जवळ येत होते. ते छपराच्या मध्यरेषेवर सरकवले, प्रत्येकाला आतून फिरवून बंद करायची झाकणे दिली, आणि हा प्रश्न मात्र एका पत्रात सुटला. इंजिनाच्या हवेचे तोंड, सांडपाण्याचे पाइप, अँकरच्या साखळीचे भोक, ही सगळी तोंडे उंची आणि मध्यरेषेपासूनचे अंतर यांसह एका यादीत असावीत. ती यादी असेल तर असे प्रश्न लवकर संपतात.

वजनांचा तक्ताही तसाच. ‘आतील सजावट, एकूण इतके किलो’ अशी ठोक ओळ कोणी स्वीकारत नाही, आणि स्वीकारूही नये. नमुन्यातल्या फळ्या, शेगडी, गादीचा फोम हे सगळे आम्ही दारूखान्यातल्या भंगाराच्या वजनकाट्यावर तोलले आणि प्रत्येकाची तळापासूनची उंची लिहिली. काटेवाल्याने गादीचे पैसे घेतले नाहीत. स्थैर्याचा एकत्रित निर्देशांक, जो सात घटकांवरून काढतात आणि ‘ए’ वर्गासाठी ३२ हून कमी चालत नाही, तो आमचा पुरेशा फरकाने वर आला, याचे श्रेय मी त्या काट्याला देतो.

साचा आता उभा राहतो आहे. बोट पाण्यात उतरली की ती प्रत्यक्ष तोलून तिची कल-चाचणी (ठरावीक वजने सरकवून बोट किती कलते हे मोजणे) करावी लागेल, आणि ती वारा पडलेला असताना, भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात घ्यावी लागेल. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याच्या पातळीत मोठा फरक पडत असल्यामुळे तेवढी शांत वेळ फार थोडी मिळते. तिचे आकडे पुन्हा त्याच कार्यालयाकडे जायचे आहेत. त्या वेळचे पत्र मी दोन्ही टेबलांच्या नावाने एकाच पाकिटात पाठवणार आहे.